इरल्याखालची मिरची

आमच्या वाडीत मिरची होत नाही, असं आता कुणी म्हणून दाखवावं. त्याचा हात धरून मी त्याला घरामागच्या परड्यात नेईन आणि झाडांपुढे उभं करीन. कमरेएवढी झाडं, पानाआड लाल मिरच्या आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी उन्हात तापत पडलेले काळे दगड. हे सगळं मी केलं आहे. थोडं सासऱ्यांनी, थोडं सासूने, पण मुख्य मी. लोक म्हणतात, हिला फार गर्व आहे. आहे. कमावलेला आहे, कुणाकडून उसना आणलेला नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वरच्या डोंगराला पाठ लावून बसलेली. दिवाळीत खाली महाडला लोक पंखा लावून झोपतात आणि आम्ही त्याच दिवसांत गोधडीवर गोधडी ओढतो. पुढे थंडी वाढली की खोबरेलाची बाटली चुलीशी ठेवल्याखेरीज तेल डोक्यावर पडत नाही. सकाळी धुकं इतकं दाट असतं की गोठ्यातली म्हैस ओरडते पण दिसत नाही. पूर्वेला उंच कडा, त्यामुळे खाली लोकांच्या न्याहाऱ्या आटोपतात तेव्हा कुठे आमच्या अंगणात ऊन उतरतं. भात, नाचणी, वरी पावसाळ्यात येतात आणि जातात, त्यांना ह्या हवेचं काही वाटत नाही. मिरचीला वाटतं. ती उबेची, लाडाची जात. थंड मातीत तिचं बी नुसतं पडून राहतं आणि शेवटी कुजतं.

मी मूळची खालची, कापड्याची. लग्न होऊन वर आले तेव्हापासून वाडीत मला माझ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. सगळ्यांची मी कापडेकरीण. आणि कापड्यात माझी आई मिरचीसाठी ओळखली जायची.

त्या मिरचीला नाव नव्हतं. बाजारातल्या मिरच्यांना लवंगी, बेडगी अशी नावं असतात. आमच्या घरात ती नुसती ‘आपली मिरची’ होती आणि गावाच्या तोंडी ‘तिच्याकडची’. बोटाएवढी लांब, खांद्याला सुरकुतलेली, शेपूट जरासं वळलेलं. आईने फोडणीत टाकली की शेजारीण आपल्या घरात शिंकायची आणि तिथूनच शिव्या घालायची. तिखट तर होतीच, पण तिखटाच्या मागून एक गोडसर वास यायचा. सुक्या बोंबलाच्या कालवणाला तो वास सुटला की आजारी माणूससुद्धा उठून ताटावर बसायचं.

बी राखून ठेवायची ती एकटी आईच, म्हणून भातकापणी उरकली की दर वर्षी तिच्या दारात बायका बी मागायला यायच्या. आमच्याकडे रीत अशी, की बी मागायला रिकाम्या हाताने जायचं नाही. येणारी बाई पदरात मूठभर तांदूळ घेऊन यायची, ते आईच्या सुपात ओतायची, आणि मग आई चिंधी सोडून तिच्या ओंजळीत बी घालायची. फुकट नेलेलं बी रुसतं, रुजत नाही, असं सगळ्या मानायच्या. बागायतदारीण असो की मोलमजुरीची, मूठ सगळ्यांची सारखीच. एरवी आई घरात खाली मान घालून वावरायची, वडिलांसमोर तर तिचा आवाज फुटत नसे. पण बी देताना तिची मान वर असायची. ती तेवढ्यापुरती वेगळीच बाई व्हायची आणि मला तीच बाई जास्त आवडायची.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा मीही बी मागितलं. आई म्हणाली, “तांदूळ आण.”

“मी? तुझी लेक?”

“बियाला काय कळतंय गो, लेक कोन आनि परकी कोन!”

मी पाय आपटत आत गेले, तिच्याच डब्यातले मूठभर तांदूळ आणले आणि तिच्याच सुपात फेकले. तिने ते जराही न हसता घेतले आणि मला बी दिलं.

ते बी वर आमच्या वाडीत उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी नेलेलंही नाही. सासूला मी आत्या म्हणते. त्या पडवीत बसून नाचणी पाखडत माझी गंमत बघायच्या. “कापडेकरनी, हितं मिरची लावतीस? त्यापेक्षा म्हशीला झाडावर चढव. त्ये सोपं हाय.” मी दोन-तीन हिवाळे धडपडले आणि सोडून दिलं. गरजच काय होती? आई दर उन्हाळ्यात गोणपाटात बांधून वर्षाची वाळलेली मिरची पाठवायची. बी तिच्याकडे होतं, मळा तिच्याकडे होता, आई तिथे होती. ह्यातलं काही एक दिवस नसेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

मग तो पावसाळा आला. पोलादपूर आणि महाड, आमच्या दोन्ही तालुक्यांत तो कुणालाच समजावून सांगावा लागत नाही. खाली नदी मळ्यात शिरली, घरात शिरली, आणि ओसरली तेव्हा मळ्याच्या जागी दगडगोटे उरले होते. बियाची चिंधी घराच्या मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायची. ती भिंतच गेली. पण त्याच दिवसांत तिकडे तळीये गावावर डोंगर आला होता आणि माणसं गेली होती. त्यानंतर आमच्या भागात कुणी आपली भिंत गेली, भांडी गेली, असं मोठ्याने म्हणत नसे. म्हणायची लाज वाटे. आईही एवढंच म्हणायची, “मानसं वाचली, आनकी काय पायजे.” बियाचं तिने नाव काढलं नाही.

माझा धाकटा भाऊ महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे आणि बिरवाडीत खोली घेऊन राहतो. तो आईला तिकडे घेऊन गेला. दिवाळीनंतर मी भेटायला गेले. खोली स्वच्छ होती, आईला कॉट होती, डोक्यावर पंखा होता. भावाचं सगळं नीट होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आईने अर्धी भाकरी खाऊन ताट सारलं.

“का गो?”

“मिरचीला वासच नाय.”

चाळीत माणसं दूरदूरच्या मुलखातून आलेली. सकाळी पाळीला जाणारी, संध्याकाळी परतणारी. ह्या बाईच्या दारात बायका पदरात तांदूळ घेऊन उभ्या राहायच्या, हे तिथे कुणाला ठाऊक असणार? तिथे ती कुणाची तरी म्हातारी होती, एवढंच. ती भिंतीकडे बघत मला म्हणाली, “ह्या साली बाया बी कुठनं नेत्याल गो? माज्या दारी येत्याल आनि दारच नाय.”

मला वाईट वाटलं की राग येतो, हा माझा जुना स्वभाव. मी म्हणाले, “तुझी मिरची मी उगवून आणते. तुझ्या हातात आणून देते.”

भाऊ हसला. “ताई, तुमच्याकडं वर? थंडीत? महाडला पाकीट मिळतं बियाचं, उद्या आणतो.”

पाकीट! मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण एस.टी.त बसल्यावर माझा राग उतरला आणि भीती वाटू लागली. शब्द तर देऊन बसले होते. आईचं वय झालं होतं आणि मिरचीचं बीसुद्धा म्हातारं होतं, दोन-तीन पावसाळे गेले की त्याचा जीव जातो. ह्या एक-दोन हिवाळ्यांत जमलं तर जमलं, नाहीतर ती मिरची ह्या जगातून जाणार होती.

घरी येऊन बरणी उपडी केली. आईने उन्हाळ्यात पाठवलेल्या मिरचीचा मसाला कुटून झाला होता. तळाशी तेवढ्या थोड्या अख्ख्या मिरच्या राहिल्या होत्या. त्या फोडून बी काढलं. आमची भाताची झोडणी उशिरा आटोपते, त्यामुळे वाफा तयार करीपर्यंत थंडीने चांगलीच बैठक मारली होती. तरी मी आईच्या पद्धतीने बी पेरलं, आणि ऊब राहावी म्हणून वर बारीक शेणखत, त्यावर सुका पाला, त्यावर पेंढा असं छान जाड पांघरूण घातलं. रोज सकाळी कडेचा पाला उचलून खाली बघायचे. काही नाही. पौष गेला, माघ लागला. आणि एका सकाळी मातीतून दोन-चार पांढऱ्या माना वाकून वर आलेल्या दिसल्या. मी तिथेच उकिडवी बसून हसले. मग पाला परत सारखा केला आणि पाण्याला गेले.

आता इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. पावसाआधी भाताचं रोप टाकायच्या जागी आम्ही राब भाजतो. म्हणजे काय, तर जमिनीवर शेण, पालापाचोळा, पेंढा यांचे थर रचायचे आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, राखेचं खत होतं. थंडी सरायच्या सुमाराला हे काम सुरू होतं. आमच्या म्हाताऱ्या माणसांनी जन्मभर हेच केलेलं, त्यामुळे शेण, पाला, पेंढा असा नीट रचलेला वाफा दिसला की त्यांचा हात आपोआप काडेपेटीकडे जातो.

पाणी घेऊन मी वर आले तर परड्यातून धूर निघत होता. सासरे, मी त्यांना मामा म्हणते, काठीने निखारे सारखे करत उभे होते. गुडघे दुखतात म्हणून आठ दिवस पडवीतून न उठलेला माणूस. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

“सूनबाय, तुजा राब भाजला गो! येवडा झ्याक रचला व्हतास, म्हनलं तुला कशाला खेप?”

हंडा माझ्या डोक्यावरून कसा उतरला ते मला आठवत नाही. तो वाफ्यावर ओतला, हे आठवतं. सगळीकडे चर्र झालं. मी राखेत हात घालून उकरत राहिले आणि मामा विचारत राहिले, “काय झालं? काय झालं गो?” आत्यांनी त्यांना सांगितलं तेव्हा ते मटकन बांधावर बसले. त्यांनी ते मायेने केलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला माया नको होती. मला बी हवं होतं.

त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. संध्याकाळी आत्या आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि पत्र्याची एक जुनी डबी पुढे ठेवली. आत मिरच्या होत्या. खांद्याला सुरकुतलेल्या, शेपूट वळलेल्या.

“ह्या कुठल्या?”

“तुज्या आयशीच्याच. उनाळ्यात गोनपाट उघाडलंस तवा काडून ठिवल्या. म्हशीची दृष्ट काडायला.”

जिने माझ्या मिरचीची वर्षानुवर्षं टिंगल केली ती बाई गुपचूप डबी भरून ठेवत होती!

त्या म्हणाल्या, “बाजारच्या मिरचीचा भरवसा नाय. इस्तवावर टाकली आनि ठसका लागला नाय, तर दृष्ट व्हती का मिरचीच निकामी, त्ये कसं कळायचं? तुज्या आयशीच्या मिरचीवर कळतं.”

इतकं मोठं कौतुक त्यांनी माझ्या माहेराचं कधी केलं नव्हतं. मी डबीला हात घातला तर त्यांनी ती मागे ओढली.

“तांदूळ आन आदी.”

“आत्या, घरातले तांदूळ तुमचेच आहेत.”

“मंग? मूठ तुजी ना?”

मी उठले, तांदूळ आणले, त्यांच्या पदरात घातले. त्यांनी डबी दिली. मग मी चूल पेटवली.

ह्या वेळी मी डोकं चालवायचं ठरवलं. आईची पद्धत आईच्या मातीसाठी होती, आणि मी ती वर थंडीत तशीच्या तशी राबवत होते. चूक तिथेच होती. मिरचीला थंडी सोसत नाही, मग थंडी यायच्या आधीच तिला मोठं का करू नये? परड्यापर्यंत भात उभं असताना जागा नसते, पण घरात तर असते ना.

गणपतीत वाडीत घरोघरी नारळ फुटतात आणि करवंट्या चुलीत जातात. त्या वर्षी मी दारोदार फिरून करवंट्या मागून आणल्या. बायका विचारायच्या, कशाला गो? मी म्हणायचे, बघाल. शेंडीकडच्या करवंटीला मुळात डोळा असतोच. तो मोकळा केला की जास्तीचं पाणी निघून जातं. चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत भरून ठेवलं. नवरात्रात घट बसले त्या दिवशी मी मिरच्या फोडल्या, बी कोमट पाण्यात भिजवलं, ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि चुलीच्या वैलाशी ठेवली. वैल म्हणजे चुलीचा मागचा धाकटा जाळ. त्याच्या कडेला हात ठेवला तर भाजत नाही, नुसता सुखावतो. तेवढीच ऊब मला हवी होती.

देवघरात घटाचं धान हां हां म्हणता वर आलं. माझी पुरचुंडी गप्प. आत्या येता-जाता विचारायच्या, “तुजं धान कवा उगवायचं?” मी दात-ओठ खाऊन फडकं ओलं करायचे. दसरा झाला, घट उठले, वाडीतल्या पोरींनी ते धान केसांत माळलं. आणि त्यानंतर एका सकाळी पुरचुंडी सोडली तर बियांना पांढरी टोकं फुटलेली. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना. मी फडकं नेऊन आत्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी डोळे बारीक केले, पाहिलं, आणि म्हणाल्या, “बरं, बरं. नाक नको तोडूस माजं.”

करवंट्यांत बी लावलं आणि माझी परवड सुरू झाली. सकाळी ऊन आलं की करवंट्यांची सुपं खळ्यावर न्यायची, ऊन सरकलं की सुपं सरकवायची, ते कलायच्या आत घरात आणायची. आत्या म्हणायच्या, पोटच्या पोरालासुद्धा कुणी इतकं मिरवत नाही. मुंबईला कामाला असलेले आमचे हे दिवाळीला आले, तर त्यांना आधी सुपं उचलायला लावली.

रोपं वितीएवढी झाली आणि कापणीही उरकली. आता ती परड्यात लावायची होती. दिवसा ऊन ठीक होतं, पण रात्रीचं दंव त्यांनी सोसलं नसतं. पाल्याचं पांघरूण घालायला आता माझा हातच होत नव्हता. मी वाफ्याकाठी विचार करत उभी होते तेव्हा मामा आले. राबाच्या दिवसापासून मी त्यांच्याशी सरळ बोलले नव्हते. शिमगा गेला, गणपती गेले, तरी ते समोर बसलेले असताना मी म्हणायचे, “आत्या, मामांना सांगा चहा ठेवलाय.” माझा राग लोणच्यासारखा, मुरत जातो.

मामांच्या हातात इरली होती. बांबूच्या कामट्यांची, पानांनी शाकारलेली, आवणीत, पावसात भात लावताना, पाठीवर घ्यायची जुनी इरली. प्लास्टिकचे कागद आल्यापासून माळ्यावर धूळ खात पडलेली. गुडघ्यांनी ते माळ्यावर कसे चढले, देव जाणे. त्यांनी एकेक इरलं रोपांवर उपडं ठेवलं, कडेला दगड लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “जाळला मी. राकन पन मीच करनार.”

मी म्हणाले, “मामा, चहा ठेवते. घ्याल?”

“घेतो की,” ते म्हणाले, आणि डोळे पुसायला धुराचं निमित्त नव्हतं म्हणून नाक शिंकरलं.

त्यानंतर मिरची मामांची झाली म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी इरली घालायची, सकाळी धुकं उठलं की काढायची, दिवसभर काठी घेऊन वानरं हाकलायची. झाडं वाढली, इरल्यांत मावेनात, तेव्हा त्यांनी चार काठ्या रोवून इरली वर उचलून बांधली. पौषात फुलं आली आणि गळू लागली. रोज सकाळी खाली पांढरा सडा. मी हात टेकले. मामा मात्र ओहोळातून काळे दगड वाहून आणू लागले, एकेक करून, आणि झाडांच्या बुंध्याशी मांडू लागले.

“हे काय?”

“म्हस सांजची कुटं बसतीया बग. कातळावर. दिसभर तापल्याला असतो.”

दगडांनी झालं की इरल्यांनी, की थंडीच ओसरत होती, मला माहीत नाही. पण फुलं टिकली. देठाशी हिरवा ठिपका आला, ठिपक्याची शेपूट झाली, शेपूट वळली. शिमग्याच्या आधी पहिली मिरची लाल झाली. मी आत्यांना, मामांना आणि शेजारच्या चार बायकांना परड्यात उभं केलं आणि ती तोडली. माझ्यासारखी बाई त्या दिवशी डोंगरात दुसरी नव्हती. हे मी तेव्हा मोठ्याने म्हणालेसुद्धा.

लाल मिरच्यांनी डबा भरला तशी मी बिरवाडीला गेले. भाऊ पाळीवर होता. आई कॉटवर बसलेली, आणखी बारीक झालेली. मी डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला. तिने एक मिरची उचलली, तिच्या खांद्यावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेली. मग नखाने फोडली आणि आतलं बी कितीतरी वेळ बघत राहिली.

“वर झाली?”

“वर झाली.”

मी तिला सगळं सांगितलं. राबाचं ऐकून ती इतकी हसली की तिला खोकला आला. म्हणाली, “चांगला मानूस हाय तुजा सासरा.” मग म्हणाली, “भाज.”

मी तव्यावर मिरच्या टाकल्या. ठसका खोलीभर झाला, खिडकीतून बाहेर गेला. पलीकडच्या खोलीत कुणीतरी शिंकलं, पुन्हा शिंकलं, आणि शेजारीण तोंडाला ओढणी लावून दारात आली. “मौसी, क्या जला रही हो?”

आईने मान वर केली. ती मान मी कापड्याच्या दारात पाहिली होती. “आमच्याकडची मिरची हाय,” ती म्हणाली. शेजारणीला ते कळलं की नाही कोण जाणे, पण ती खोकत खोकत हसली आणि वाटीभर ठेचा मागून घेऊन गेली. आईने सबंध भाकरी खाल्ली आणि वर आणखी चतकोर मागितली.

जेवण झाल्यावर मी ताटं घासत होते. आई उठली. भिंतीला धरत धरत कोपऱ्यातल्या डब्यापाशी गेली, झाकण काढलं, आणि मूठ मिटून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“पदर धर.”

“कशाला?”

“मला बी दे. ग्यालरीत रंगाचा डबा हाय रिकामा.”

“आई, काय हे! तुझंच बी आहे, सगळा डबा घे ना.”

“माजं पान्यात ग्येलं,” ती म्हणाली. “ह्ये तुजं हाय. पदर धर गो, हात दुकतो.”

मी ओले हात साडीला पुसले आणि पदर पसरला. तिने मूठ उघडली. तांदूळ पडताना मला तिच्याकडे बघवेना, मी खाली बघत राहिले.

तिने माझ्या हनुवटीला दोन बोटं लावली.

“मान वर,” ती म्हणाली. “बी देनारीनं खाली बगायचं नाय.”